सत्तावीस हजार चारशे बारा तास

मामाजींनी हार्ड डिस्क दुपट्ट्यात गुंडाळून आणली आणि बाजारातून आणलेली वांगी ठेवावीत तशी ओट्यावर ठेवली. रश्मी हातातलं काम टाकून पुढे आली.

"हळू ना, मामाजी. आपटली तर आतली तबकडी जाते."

"गोंदियापासून मांडीवर घेऊन बसलो," तिचे सासरे कवडू म्हणाले. "स्वप्निलले नाही घेतलो कधी एवढा जपून." आणि पाय धुवायला मागच्या नळाकडे गेले.

रश्मीने गाठ सोडली. चंदेरी पिशवी, तोंडाला रबर, आत डिस्क. खोका नव्हता. सील नव्हतं. सोबत वहीच्या पानाचा तुकडा, त्यावर निळ्या शाईत एवढंच: '४ टीबी, १ नग, चा.' क्रमांक नाही, वॉरंटीचा कागद नाही, पक्कं बिल नाही. तिने चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे कुणाच्या तरी घरच्या भाजीची यादी होती.

चा. तिने गोंदियाच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं होतं, तीन वर्षं संगणक विषय घेतला होता. पण हार्ड डिस्कचा 'चा' नावाचा प्रकार तिने कुठे वाचला नव्हता.

ही काही हौसेची खरेदी नव्हती. तिची रिंकू सव्वादोन वर्षांची. अकरा महिन्यांची असताना तापात तिला झटका आला, मग महिन्याने आणखी एक. तेव्हापासून दोन वेळा औषध सुरू होतं. झटके थांबले, पण औषधाने पोर पेंगायची. जेवताना तोंडात घास तसाच धरून झोपायची. आणि यंदाच्या उन्हाळ्यापासून एक नवीनच सुरू झालं होतं. सकाळी उठल्यावर चटईवर खेळता खेळता ती मध्येच थांबायची आणि एकटक कुठेतरी बघत राहायची. पाच सेकंद, कधी दहा. मग पुन्हा खेळायला लागायची, जसं काही झालंच नाही.

हा झटक्याचाच प्रकार की नुसती तंद्री, ते नागपूरच्या डॉक्टरांना डोक्याच्या ईईजीच्या पट्टीवरून कळत नव्हतं. त्यांनी व्हिडिओ मागितले. रश्मीने जूनपासून फोनवर एकोणीस व्हिडिओ घेतले आणि तिच्या नवऱ्याने, स्वप्निलने, कुठल्याशा सेलमध्ये घेतलेल्या खिशातल्या डिस्कवर ठेवले. फोन भरायचा म्हणून फोनवरचे पुसलेसुद्धा. सप्टेंबरात डॉक्टरांच्या टेबलावर ती डिस्क लावली, तर आतून टक, टक, टक एवढाच आवाज आला. एकोणीसपैकी एकही दिसला नाही.

डॉक्टर भले होते, रागावले नाहीत. "डिसेंबरात या," म्हणाले. "तोवर औषध आहे तेच राहील. आणि यावेळी व्हिडिओत तिला हाक मारा, हात लावा. ती भानावर येते का, ते मला दिसलं पाहिजे. येत असेल तर औषध उतरवत आणू. नसेल येत तर वाढवावं लागेल."

परतीच्या गाडीत आमगाव येईपर्यंत रश्मी नवऱ्याशी बोलली नव्हती. तीन महिने. एका टकटक करणाऱ्या डबीपायी पोरीला आणखी तीन महिने पेंगवायचं.

स्वप्निल फायबरच्या कंपनीत होता. आमगावपासून सालेकशापर्यंत कुठेही रस्ता खोदताना केबल तुटली की पहिला फोन त्याला यायचा. त्याने चटईच्या वर भिंतीला कॅमेरा ठोकला आणि घरातल्या इंटरनेटच्या वायरवर चालणारी, दोन डिस्क बसतील अशी साठवणीची पेटी आणली. दोन्हींवर तेच रेकॉर्डिंग एकाच वेळी. एक मेली तरी दुसरी जिवंत. कंपनीतले लोक त्या पेटीला 'नास' म्हणत.

"नास?" मामाजींनी पेटीभोवती एक चक्कर मारली होती. "नावातच नास हाये तं टिकन कसं?"

स्वप्निल हसला होता. रश्मी नाही. त्या दिवसापासून ती पेटीला पेटीच म्हणायची.

मग डिस्क कोणती घ्यायची याचा तिने असा काही अभ्यास केला की कॉलेजात केला असता तर पहिली आली असती. साध्या कॉम्प्युटरची डिस्क दिवसाला आठ तास चालायला बनवलेली असते. ही चोवीस तास चालणार, म्हणजे तशीच मजबूत पाहिजे. काही डिस्कांत माहितीचे पट्टे छपरावरच्या कवेलूंसारखे एकावर एक चढवलेले असतात. स्वस्त पडतात, पण सतत लिहायला लागलं की अडखळतात. त्या नकोत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जुन्या डिस्का पुसूनबिसून नव्या म्हणून विकणारे लोक असतात. प्रत्येक डिस्कच्या आत ती किती तास चालली याचा मीटर असतो, आणि बदमाश लोक तोही मागे फिरवतात. हे वाचल्यापासून तिला गोंदियातलं प्रत्येक दुकान त्या लोकांचं वाटायला लागलं होतं.

पहिली डिस्क घ्यायला ती स्वतः गेली होती, रिंकूला कडेवर घेऊन. दुकान गजेंद्रचं. हा गजेंद्र कॅमेरे बसवायचा आणि कॅमेऱ्यांचंच सामान विकायचा. तिने खोका काउंटरवरच फोडायला लावला, क्रमांक फोनवर कंपनीच्या साइटवर टाकला, तारीख पाहिली, लेबलाचे कोपरे नखाने खरवडून पाहिले.

"ताई, लोक मुलीची पत्रिका नाही इतनी देखते," गजेंद्र म्हणाला.

"पत्रिकेत वॉरंटी नसते, भाऊ."

त्याने त्याच खेपेतली दुसरीही काढली. रश्मीने क्रमांक पाहिले, शेजारशेजारचे. नको म्हणाली. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन डिस्कांत खोट असेल तर एकच असणार, आणि मरतीलही एकदमच.

"जुळ्यांवर पण शक?"

"जुळ्यांवरच जास्त."

मग दुसऱ्या खेपेच्या मालातली मागवायचं ठरलं. शनिवारी गजेंद्रचा फोन आला की आली आहे, कुणाला तरी पाठवा. नेमका रिंकूला लस दिल्याचा ताप, आणि स्वप्निल सालेकशाला तुटलेल्या केबलवर. मामाजी शेतातल्या पंपाची जळालेली मोटर नव्याने तार गुंडाळून, म्हणजे बांधून, आणायला गोंदियाला चाललेच होते. "तुही ते डिस्क बी आनतो," म्हणाले. पैसे घ्यायला तयार नव्हते. "नातीच्या कामाचं हाये, मी देतो."

आणि आणली ती ही. खोक्याविना, रबर लावून.

रिंकू झोपल्यावर रश्मीने डिस्क जुन्या लॅपटॉपला जोडली. जोडताना श्वास धरून कान लावला. टकटक नव्हती, हलकी, सलग घरघर होती. मग तिने मीटर उघडला.

चाललेले तास: २७,४१२.

तिने भागाकार केला. तीन वर्षं आणि वर दीड महिना. ही डिस्क रिंकूपेक्षा मोठी होती.

खाली आणखी ओळी होत्या. चालू-बंद केल्याच्या वेळा एकोणीस. खराब झालेली जागा शून्य. ते तिने वाचलं, पण तिच्या डोळ्यांपुढून पहिला आकडा हलेना. संध्याकाळी स्वप्निल आला तेव्हा लॅपटॉप तसाच उघडा होता.

"बघा," ती म्हणाली. "तुमच्या गजेंद्रभाऊने नव्याच्या नावावर काय दिलं ते."

स्वप्निलने बूट काढता काढताच पाहिलं. "फसवलं का मग?"

"मला काय विचारता? त्याच्याकडून सामान तुम्ही घेता."

"मी काऊन सांगीन त्याला जुनी द्यायला?"

"मी कुठे म्हटलं तुम्ही सांगितलं?"

पण तिच्या मनात ते आलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी तोच म्हणाला होता, दुसरी काय, जुनी टाकली तरी चालते, तशी पण नुसती जोडीला असते. तो चहा पितापिता चिठ्ठी निरखत होता आणि ती त्याला निरखत होती.

"चा म्हणजे काय असेल?" तिने विचारलं.

"बाबाला चहा पाजला असेल. तो पण बिलात लावला."

"हसू नका. एक गोष्ट मला कळत नाही. फसवायचंच होतं तर त्याने मीटर मागे का नाही फिरवला? दोन मिनिटांचं काम."

"फसवताच येत नसेल चांगलं."

तेवढ्यात मामाजी आत आले. रश्मीने आवाज खाली आणला. सासूबाई ती लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात हा एकच मोठा माणूस, त्याला चोरासारखं विचारायचं नव्हतं. "मामाजी, दुकानदार काय म्हणाला देताना?"

"दुकानदार नव्हता. त्याची माय होती, सुशिलाबाई. लय चांगली बाई. आमच्याच वयाची असन. चहा पाजली."

स्वप्निलने बायकोकडे पाहिलं. रश्मीने पाहिलं नाही.

"आणि काही विचारलं?"

"विचारली ना. कोन्या गावचे, किती धान झाला, पोरीले काय झालं. मी सारं सांगलो."

म्हाताऱ्या माणसाला चहा पाजून, चार गोष्टी करून बसवलं आणि जुना माल दुपट्ट्यात घातला. रश्मीला तो सगळा प्रसंग डोळ्यांपुढे दिसला. किती दिले हेही तिने विचारून पाहिलं, तर मामाजींनी हात झटकला. "ते नको विचारू. तुले कामाशी काम." तिथेही काही लपवल्यासारखं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने गजेंद्रला फोन लावला. तो देवरीला कुठल्याशा गोदामात कॅमेरे लावत होता, मागे ड्रिल मशिनचा आवाज. "ताई, मम्मीने दिया ना? मग पूछके ही दिया होगा. ती असं नाही करत."

"मी सीलबंद सांगितली होती. ही तीन वर्षं चाललेली आहे."

"हो मग. तेच तो बोल रहा हूं. पूछके दिया होगा."

हे काय उत्तर झालं? तिने फोन ठेवला आणि मीटरचा फोटो काढला, चिठ्ठीचा काढला, रबराचासुद्धा. पुरावा म्हणून. मग दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेचे दिवस आले, दोन दिवस दुकान बंद, मग रिंकूला सर्दी. दिवस जात राहिले.

आणि पेटी रिकामीच होती.

"एक चांगली आहे ना, तिच्यावर तर सुरू कर," स्वप्निल म्हणाला.

"मागच्या वेळी पण एकच होती."

"मग कॅमेऱ्यात कार्ड टाकतो."

"नखाएवढं कार्ड. त्याच्यावर मी रिंकूला ठेवू?"

मागच्या डिस्कचं खापर आपल्यावर आहे हे स्वप्निलला ठाऊक होतं, आणि ते तिथून हलायचं नाही हेही.

सहा दिवसांत रिंकू दोनदा थांबली. रश्मीने दोन्ही वेळा पाहिलं. पहिल्यांदा तिच्या हाताला कणीक होती. फोन उघडेपर्यंत पोर पुन्हा डबे वाजवत होती. दुसऱ्यांदा फोन उघडला, पण घाईत तो असा वाकडातिकडा धरला की व्हिडिओत छताचा पंखा, दाराची कडी आणि शेवटी रिंकूचा कान आला. वर भिंतीवर कॅमेरा सगळं बघत होता आणि काहीच ठेवून घेत नव्हता.

त्या दुसऱ्या वेळेनंतर ती उठली. डिस्क टॉवेलात, टॉवेल डब्यात, डबा पिशवीत. "मी गोंदियाला जाते. आजच."

"मी येतो," मामाजी म्हणाले. "माह्या हातानं आली, मीच परत देतो."

तिला ते नको होतं. चहा पाजला की हे पुन्हा विरघळणार. पण रिंकूने त्यांच्या दुपट्ट्याचं टोक धरलं होतं, ती सोडेना, मग तिघेही निघाले.

दुकानात गजेंद्र स्टुलावर बसून वायरीला टोक लावत होता. काउंटरमागे त्याची आई, नाकात चमकी, डोळ्यांवर जाड चष्मा, पुढ्यात पानाचा डबा. मामाजींना पाहून तिने हात जोडले. "आओ बाबाजी. मोटर चली?"

"चालली ना. बढिया चालली."

रश्मीने पिशवीतून एकेक वेढा काढत डिस्क काउंटरवर ठेवली, चिठ्ठी बाजूला ठेवली, आणि गाडीत पाठ केलेलं बोलायला लागली. आपण काय मागितलं होतं. काय मिळालं. सत्तावीस हजार चारशे बारा तास. आपल्याकडे फोटो आहेत. आजारी पोरीच्या कामाची वस्तू होती. म्हाताऱ्या माणसाला पाहून असं करणं शोभतं का.

सुशिलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

"बेटी, मैंने पूछा था. बाबाजी बैठे हैं, उनको पूछ."

"काय विचारलं होतं?"

"जो सबको पूछती हूं. चालू दूं कि डब्बा पैक."

रश्मी मामाजींकडे वळली. मामाजी स्टुलावर आरामात बसले होते, रिंकू मांडीवर.

"विचारली होती ना," ते म्हणाले. "मी म्हटलो, बाई, डब्बा कायले पाहिजे? चालूच दे."

"मामाजी..."

"त्या दिवशी सकारीच मोटरवाल्याशी भांडून आलतो. त्यानं बंद मोटर देल्ली होती बांधून, नवीन रंग मारून. म्हटलं इथं बी तसंच नको व्हाले. चालू हाये म्हणते तं चालू घ्यावं. बंद डब्बा घेऊन घरी जाऊन फोडला, आन आत नाही चालला, तं कोनाले सांगाव?"

गजेंद्रने वायर खाली ठेवली. हसू यायला लागलं होतं ते त्याने मिशीत दाबलं. "ताई, आमच्या लाइनमध्ये चालू म्हणजे वापरलेली. चालू हालत में. डब्बा पैक म्हणजे नवीन, सील."

"और मैंने लिख के भी दिया," सुशिलाबाईंनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "ये देख. चा. चालू का चा. किसीको धोखा नहीं देती मैं."

"मग तुले वाटला काय होता तो चा?" मामाजींनी सुनेला विचारलं.

रश्मीने टॉवेलाची घडी घालायला घेतली. सहा दिवस तिने या बाईला, तिच्या मुलाला, स्वतःच्या नवऱ्याला, आणि खरं सांगायचं तर थोडंसं या मांडीवर पोर घेऊन बसलेल्या माणसालाही मनातल्या मनात उलटंपालटं करून पाहिलं होतं. लेबलाचे कोपरे खरवडावेत तसं.

"नको असेल तर वापस घेतो," गजेंद्र म्हणाला. "पण तुमच्या नावाची सीलवाली होती ना, ती काल शाळेवाले घेऊन गेले. तुम्ही फोनवर एवढ्या भांडल्या, मला वाटलं आता कुठे येता. दुसरी यायला दहा दिवस."

दहा दिवस. म्हणजे नागपूरच्या तारखेआधीचे आणखी दहा कमी.

"ही कुठून निघाली?" तिने डिस्कवर बोट ठेवलं.

"एका राइस मिलच्या कॅमेऱ्यातून. त्यांनी मोठी टाकली. ही तीन वर्षं कधी बंद नाही पडली, मीच लावली होती."

तिने एकोणीस हा आकडा आठवला. तीन वर्षांत फक्त एकोणीस वेळा बंद-चालू. खराब जागा शून्य. गजेंद्र म्हणतो ते मीटरशी जुळत होतं. तिने ते मनात दोन बाजूंनी तपासून पाहिलं, तिसरी बाजू सापडली नाही. आणि गंमत अशी की या सगळ्या प्रकरणात तिने विचारल्याबरोबर आपलं खरं वय सांगितलं होतं ते या डिस्कनेच.

"राहू द्या," ती म्हणाली. "सील आली की फोन करा. तेव्हा बदलेन. आणि माझ्या सासऱ्यांकडे देऊ नका."

"बाबाजी को ही दूंगी," सुशिलाबाई म्हणाल्या, "तू तो फिर बदमाश कहेगी, शक वाली." आणि मामाजींसाठी चहा सांगितला. या खेपेला रश्मीनेही घेतला.

संध्याकाळी स्वप्निलने दोन्ही डिस्का पेटीत सरकवल्या, एक नवी, एक मिलवाली. दोन हिरवे दिवे लागले. झोपायच्या आधी रश्मीने तीनदा जाऊन पाहिलं की दिवे दोनच आहेत ना.

सकाळी आठच्या सुमाराला ती पेटीपुढेच उकिडवी बसली होती. रात्रीचं रेकॉर्डिंग दोन्हींवर सारखं उतरलं का ते ती फोनवर तपासत होती. मागे चटईवर रिंकू आणि मामाजी. डब्यांचा खणखणाट चालला होता. मग तो थांबला, आणि पुन्हा सुरू झाला. तिच्या ते लक्षातही आलं नाही. पाठीमागून रिंकूचं खुदकन हसणं आलं तेवढंच.

तपासता तपासता ती आजच्या फायलीवर आली. सात छप्पन्न. चटई, डबे, मामाजींचे पसरलेले पाय, आणि फ्रेमच्या कडेला तिची स्वतःची पाठ. रिंकूचा हात झाकण उचलता उचलता हवेत राहिला. डोळे दाराच्या वर कुठेतरी लागले. एक, दोन, तीन. रश्मी मोजू लागली. चौथ्या सेकंदाला मामाजी म्हणाले, "रिंकू." पाचव्याला त्यांचं बोट फ्रेममध्ये आलं आणि रिंकूच्या तळपायाला लागलं. सहाव्याला पोरीने पापणी हलवली, पाय ओढून घेतला, आजोबांकडे पाहिलं आणि हसली.

रश्मीने ते पुन्हा लावलं. मग दुसऱ्या डिस्कवरून लावलं. तिथेही तेच होतं. डॉक्टरांनी जे मागितलं होतं ते आवाजासकट तिथे होतं, आणि ते झालं तेव्हा ती त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

"मामाजी," ती वळली. "आत्ता ती थांबली होती."

"हो."

"तुम्ही हात लावला."

मामाजींनी पटकन हात मागे घेतला. "तू पाह्यत नव्हती म्हणून लावलो. तू म्हटली होती ना, हात लावू नका."

"मी कधी?"

"जेठात. तू फोन घेऊन धावत आलती. मी उचलाले गेलो तं तू म्हटली, हात लावू नका मामाजी, व्हिडिओ घेऊन राहिली. तवापासून तुह्या समोर नाही लावत. तू रांधनीत राहते तवा लावतो. गुदगुली केली का हासते."

तिला आठवलं. ती असं म्हणाली होती. डॉक्टरांनी हात लावा सांगायच्या तीन महिने आधी, आणि मग नंतर तिने कुणालाच वेगळं काही सांगितलं नव्हतं.

"नेहमी हासते?"

"नेहमी."

"आठवून सांगा, मामाजी. प्रत्येक वेळी?"

मामाजींनी रिंकूच्या हातात झाकण दिलं. "एक खेपी नाही हासली. लय आवाज देल्लो, पाय हलवलो, पाह्यलीच नाही. मंग तुले हाका मारलो. धानाची रोवणी सरली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

रश्मीने फोन उचलला. तिचा हात आपोआपच तिकडे गेला. ऐकून सोडून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. रोवणी कधी संपली ते तिला तारखेने ठाऊक नव्हतं, पण त्या दिवशी बायांना जेवण होतं आणि तिने ताटांचा फोटो काढला होता. अकरा ऑगस्ट. मग तिने स्वप्निलला पाठवलेले जुने निरोप वर सरकवत नेले. बारा ऑगस्ट, सकाळी आठ दहा: 'आज पुन्हा. मी मागे होते, मामाजींनी हाका मारल्या म्हणून कळलं.'

तिने तो निरोप दोनदा वाचला. मामाजींची आठवण तारखेशी जुळत होती. मग कपाटातून वही आणली, कोरं पान उघडलं आणि चटईवर मामाजींसमोर बसली. पानावर तिने डॉक्टरांसाठी दोन रकाने पाडले: हासली, नाही हासली. दुसऱ्या रकान्यात बारा ऑगस्ट लिहिलं.

"त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर पोळ्याच्या आदल्या दिवशी. मी बैलाचा झूल शिवत होतो. हासली."

तिने लिहिलं.

"मंग गणपती बसले त्या दिवशी. तू मोदक करत होती. ते बी हासली."

"किती वेळाने?"

"तं मी काय घडी घेऊन बसतो का?" मामाजी म्हणाले. मग त्यांनी रिंकूच्या पायाशी बोट नेलं आणि दाखवलं. "इकडून हात नेला, आन इथं लावला. एवढ्यात."

रश्मीने तेवढं मनात मोजलं आणि 'दोन सेकंद' लिहिलं. पुढे कंसात 'अंदाजे' लिहिलं.

"आणि दसऱ्याला?" तिने विचारलं.

रिंकू तिच्या हातातली पेन ओढायला लागली होती. तिने तिला दुसरी दिली आणि मामाजींना आठवेपर्यंत थांबून राहिली.